नेट गेलं की बंद केलं? लोकसभा निवडणुकीत सोलापुरातून नोंद कशी ठेवायची

निवडणुकीच्या काळात इंटरनेटवर येणारी बंधनं चार तऱ्हेची असतात आणि प्रत्येक तऱ्हा वेगळ्या रीतीने मोजावी लागते. पहिली, एखाद्या भागातलं मोबाइल नेट सरसकट बंद होतं. दुसरी, एखादी वेबसाइट किंवा ॲप ठरावीक कंपन्यांच्या नेटवर्कवर उघडत नाही. तिसरी, सगळं उघडतं पण वेग इतका पाडलेला असतो की फोटो-व्हिडिओ जात नाहीत. चौथी, नेट चालू, साइटही चालू, पण एखादं खातं, एखादी पोस्ट किंवा यूट्यूब चॅनल भारतापुरतं झाकलेलं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही चौथी तऱ्हा उघडपणे समोर आली. एप्रिलमध्ये निवडणूक आयोगाच्या आदेशावरून एक्सने काही राजकीय पोस्ट झाकल्या आणि तसं स्वतःच जाहीर केलं.

इतर देशांत काय झालं तेही लक्षात ठेवा, कारण बंधनं पायऱ्यापायऱ्यांनी येतात. युगांडात जानेवारी २०२१ मध्ये आधी सोशल मीडिया अडवला गेला आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळपासून सगळं नेटच गेलं. झांबियात १२ ऑगस्ट २०२१ ला मतदान चालू असतानाच व्हॉट्सॲप अडवलं. पाकिस्तानात ८ फेब्रुवारी २०२४ ला मतदानाच्या दिवशी मोबाइल सेवा बंद ठेवली, वायरचं नेट मात्र बऱ्याच ठिकाणी चालू होतं. आपल्या राज्यात कोल्हापुरात जून २०२३ मध्ये आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये नेट बंद झालं होतं. कारण निवडणूक नव्हतं, पण उद्या निवडणुकीत बंद झालं तर याच पद्धतीने होईल. म्हणून मोबाइल आणि वायर, दोन्हींची नोंद सुटी ठेवायची.

या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. मतदानाच्या दिवशी एखादी साइट उघडली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तीच साइट, त्याच सिमवर, त्याच भागात गेले चार आठवडे रोज उघडत होती आणि आज उघडत नाही, शिवाय याच क्षणी दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडते आहे, एवढं दाखवता आलं तर मात्र बोलण्यासारखं काहीतरी हातात आहे. चाचणी घेणं सोपं आहे. आधीची नोंद आणि शेजारची नोंद नसेल तर ती चाचणी वाया जाते.

सुरुवात कधी करायची

निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला की त्याच दिवशी. २०२४ मध्ये आचारसंहिता १६ मार्चला लागली, सोलापूरचं मतदान तिसऱ्या टप्प्यात ७ मेला झालं आणि मतमोजणी ४ जूनला. म्हणजे आधीची नोंद करायला सात आठवडे मिळाले असते. चार आठवड्यांपेक्षा कमी नोंद असेल तर मधला एखादा केबल तुटल्याचा आठवडा सगळं चित्र बिघडवतो.

रोज दोन वेळा चाचणी पुरते: सकाळी साधारण सातला आणि रात्री नऊला. रात्री नऊला नेटवर्कवर गर्दी असते, म्हणून ती वेळ मुद्दाम घ्यायची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचारबंदी असते. त्या ४८ तासांत दर तीन तासांनी चाचणी घ्या. मतमोजणी सकाळी आठला सुरू होते, त्या दिवशी आठ ते रात्री आठ दर तासाला. निकालानंतरचे दोन दिवस पुन्हा दर तीन तासांनी. निकालानंतर लोक घाईने चाचण्या बंद करतात, आणि तणाव नेमका त्यानंतरच वाढू शकतो.

आपल्या जिल्ह्याची एक अडचण इथेच सांगायला हवी. सोलापूर जिल्हा एक, पण लोकसभा मतदारसंघ तीन: सोलापूर, माढा, आणि बार्शी तालुका धाराशिवमध्ये. नेट बंद करण्याचा आदेश मात्र जिल्हा किंवा तालुका धरून निघतो, मतदारसंघ धरून नाही. म्हणून नोंदीत नेहमी तालुका आणि भाग लिहा. 'माढा मतदारसंघात नेट नाही' अशा वाक्याचा उपयोग शून्य, कारण त्यात फलटण आणि माणही येतात आणि ते सातारा जिल्ह्यात आहेत.

साहित्य

चार जुने अँड्रॉइड फोन आणि चार कंपन्यांची सिम: जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल. त्याशिवाय किमान एक वायरचं ब्रॉडबँड. स्थानिक केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर फारच चांगलं, कारण छोटे पुरवठादार वरच्या मोठ्या कंपनीकडून नेट घेतात आणि वरच्याची बंदी खाली झिरपते. वायरच्या कनेक्शनला राउटरसकट इन्व्हर्टरवर टाका. चारही फोन एकाच घरात ठेवू नका. एक जुळे सोलापूरला, एक पूर्व भागात, एक अक्कलकोट किंवा पंढरपूरला, असं पसरा. पण तुलनेसाठी एका तरी घरात दोन कंपन्यांचे दोन फोन शेजारी शेजारी हवेतच.

मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन या कामात खरा अडथळा आहे. पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत चार्जिंगला लावलेला जुना फोन तापून स्वतःच बंद पडतो, आणि नोंदीत ते नेट गेल्यासारखं दिसतं. कव्हर काढा, फोन जमिनीलगत सावलीत ठेवा, चार्जरला टायमर लावून दिवसातून दोन-तीन तासच वीज द्या. बॅटरी फुगलेला फोन वापरू नका.

चाचणीसाठी ऊनी प्रोब हे मोफत ॲप वापरायचं. टॉर या इंटरनेटवर ओळख लपवणाऱ्या साधनाच्या प्रकल्पातून २०१२ मध्ये सुरू झालेलं हे काम आज जगभरातले लोक वापरतात. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज आणि मॅकवर चालतं. आयफोनवर पार्श्वभूमीत चाचण्या नीट चालत नाहीत, म्हणून कायम चालणारा फोन अँड्रॉइडच ठेवा. मोजमापं आपोआप त्यांच्या सार्वजनिक साठ्यात जातात आणि ऊनी एक्सप्लोररवर कुणालाही दिसतात. त्यात देश, नेटवर्कचा क्रमांक (कंपनीच्या नेटवर्कला इंटरनेटवर मिळालेला ओळख क्रमांक), वेळ आणि निकाल असतो. तुमचा आयपी पत्ता ते प्रसिद्ध करत नाहीत. शहराचं नावही नसतं, आणि इथेच आपली वही लागते. सोलापुरातल्या मोबाइलचं नेट पुणे-मुंबईतून बाहेर पडतं, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तुमचा फोन मुंबईत असल्यासारखा भासतो. 'हे सोलापूर आहे' हे फक्त तुमची वही सांगू शकते.

फोनची तयारी, आणि इथेच बहुतेक नोंदी बिघडतात

व्हीपीएन (नेट दुसऱ्याच ठिकाणाहून वळवून नेणारं साधन) बंद. ॲप तसा इशारा देतंच, पण काही अँटिव्हायरस आणि जाहिरात अडवणारी ॲप गुपचूप व्हीपीएनसारखीच चालतात, तीही काढा. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सोयीला डीएनएस म्हणतात. सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं, ते 'बंद' करा, 'आपोआप' वर सोडू नका. ते चालू असलं की साइटचं नाव शोधण्याची विचारणा कूटबद्ध होऊन परस्पर दुसऱ्याच सर्व्हरकडे जाते आणि कंपनीने नावाच्या पातळीवर केलेली अडवणूक तुम्हाला दिसतच नाही. साइट उघडते, आणि तुम्ही लिहिता 'बंदी नाही'. शेजारच्या दहा घरांत मात्र ती बंद असते. वायफायच्या राउटरमध्ये गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवला असेल तर तोही काढून कंपनीचाच डीएनएस राहू द्या.

मोबाइल नेटची चाचणी घेताना वायफाय पूर्ण बंद. दोन्ही चालू असतील तर फोन वायफायनेच जातो आणि तुम्ही सिमच्या नावावर केबलवाल्याची नोंद करता. दोन सिमचा फोन असेल तर डेटा कोणत्या सिमवर आहे ते दर वेळी बघा.

रोजचा डेटा संपला आहे का, हे चाचणीआधी तपासाच. बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाचे दीड-दोन जीबी संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो. तेव्हा व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, फोटो अडकतो, व्हिडिओ हलत नाही. वेग मुद्दाम पाडल्याचं लक्षणही अगदी हेच. निवडणुकीच्या रात्री 'वेग कमी केलाय' असं म्हणणाऱ्यांत कितीतरी जणांचा डेटा संपलेला असतो. रिचार्ज २८ दिवसांचं असेल तर ते मतदानाच्या आठवड्यात संपणार नाही ना, हे महिन्याच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर मांडा.

ॲपच्या सेटिंगमध्ये वेबसाइट चाचणीला ९० सेकंदांची मर्यादा असते. ती काढली नाही तर यादी अर्धवट राहते आणि दर वेळी वेगळ्याच साइट तपासल्या जातात. बॅटरी बचतीतून ॲपला सूट द्या, नाहीतर फोन रात्री ॲप मारून टाकतो. वेगाची चाचणी मात्र जपून. ती दोन्ही बाजूंनी साधारण दहा-दहा सेकंद पूर्ण वेगाने डेटा ओढते. ५० एमबीपीएसच्या नेटवर नुसतं डाउनलोड ६२.५ एमबी होतं, म्हणजे दिवसातून आठ वेळा घेतली तर अर्धा जीबी गेलाच.

महाविद्यालयाचं, कार्यालयाचं किंवा हॉटेलचं वायफाय यात धरू नका. तिथे त्यांची स्वतःची चाळणी बसवलेली असते आणि त्यांची बंदी सरकारच्या नावावर जमा होते.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमेलगतच्या गावांत आणखी एक घोळ आहे. फोन पलीकडचा कर्नाटकातला टॉवर पकडतो आणि स्क्रीनवर कंपनीचं नाव तेच राहतं. जिल्ह्यापुरतं नेट बंद झालं तर ते जिल्ह्यातल्या टॉवरवर होतं, त्यामुळे असा फोन 'सगळं सुरळीत' सांगत राहतो. टॉवरचा नेटवर्क कोड दाखवणारं एखादं साधं ॲप टाकून तो कोड दर चाचणीला लिहा. कोड बदलला की टॉवर बदलला.

कोणते पत्ते तपासायचे

ऊनी जी यादी वापरतं ती टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबच्या पुढाकारातून आली आहे. जागतिक यादी वेगळी, भारताची वेगळी. पण त्यात सोलापूरकर रोज वाचतो ते सगळं असेलच असं नाही. आपली साठ ते ऐंशी पत्त्यांची यादी करा: निवडणूक आयोगाची मुख्य, निकालाची आणि मतदार नोंदणीची साइट, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांची साइट, सगळ्या पक्षांच्या साइट (आपल्याला आवडत नसलेल्याही), तथ्यपडताळणी करणाऱ्या साइट आणि बातम्यांच्या साइट. सोलापुरात बातम्या चार भाषांत वाचल्या जातात, तेव्हा मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूही घ्या. ज्या साइटवर काहीही राजकीय नाही अशा पाच-सहा कंटाळवाण्या साइट तुलनेसाठी ठेवा. त्याही पडल्या तर दोष नेटवर्कचा.

पत्ता एचटीटीपीएससकट पूर्ण लिहा. ऊनी रनच्या साइटवर ही यादी टाकली की एक दुवा मिळतो. तो दुवा सगळ्या सहकाऱ्यांनी आपल्या ॲपमध्ये उघडला की सगळ्यांची यादी एकच राहते. दुव्याची मुदत मतमोजणीनंतर किमान दोन आठवडे ठेवा.

ॲपमध्ये मूळच्या यादीत अश्लील, जुगाराच्या वगैरे साइटचेही प्रकार असतात. तुमच्या फोनवरून त्या साइटला विचारणा गेल्याची नोंद कंपनीकडे राहू शकते, म्हणून नको ते प्रकार सेटिंगमधून आधीच काढा. दुसऱ्याच्या फोनवर ॲप टाकताना मालकाला हे सगळं समजावून सांगून परवानगी घ्या. अल्पवयीन मुलांचे फोन वापरू नका. मतदान केंद्राच्या आवारात चाचणी घेऊ नका, घरून घेतलेली चाचणी पुरेशी असते.

निकाल कसा वाचायचा

साइट उघडताना चार पायऱ्या असतात: नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता (आयपी) शोधणं, त्या पत्त्याशी जोडणी, कूटबद्ध बोलणी सुरू होणं, आणि पान येणं. ऊनी यातली प्रत्येक पायरी तुमच्या फोनवर आणि त्याच वेळी बाहेरच्या एका सर्व्हरवर करून बघतं. फरक आढळला की 'विसंगती' म्हणतं. ओळखीचं बंदीचं पान सापडलं तरच 'खात्रीशीर' म्हणतं. विसंगती म्हणजे बंदी असं कधीही लिहू नका. ही या क्षेत्रातली सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

एक निकाल जवळून पाहू. समजा एका बातम्यांच्या साइटवर विसंगती आली आणि कारण 'डीएनएस' असं आहे. मोजमाप उघडा आणि उत्तरात काय पत्ता आला ते बघा. १२७.०.०.१ किंवा '१०.' ने (टिंबासकट) सुरू होणारा पत्ता आला, तर तो फोनपुरता किंवा खाजगी नेटवर्कपुरता पत्ता आहे, कुठल्याही सार्वजनिक साइटचा असूच शकत नाही. ही जवळजवळ नक्की अडवणूक. 'असं नावच अस्तित्वात नाही' असं उत्तर आलं तर तेच नाव एचटीटीपीएसवरून, म्हणजे कूटबद्ध मार्गाने, चालणाऱ्या डीएनएसने विचारा. नुसतं १.१.१.१ या सार्वजनिक डीएनएसला साध्या मार्गाने विचारून भागत नाही, कारण साधी विचारणा कंपनी वाटेतच अडवून स्वतः उत्तर देऊ शकते. आणि उत्तरात दुसराच पण खरा पत्ता आला, तर तो पत्ता कुणाच्या मालकीचा आहे ते बघा. मोठ्या साइट जगभर वेगवेगळ्या सर्व्हरवरून पान देतात. मुंबईतला पत्ता आणि युरोपातला पत्ता वेगळा असणं स्वाभाविक आहे, ती बंदी नव्हे.

नाव बरोबर सापडलं, जोडणीही झाली, पण कूटबद्ध बोलणी सुरू होताच 'कनेक्शन रीसेट' आलं, तर लक्ष द्या. बोलणीच्या पहिल्याच संदेशात साइटचं नाव उघडं जातं, आणि ते वाचून जोडणी तोडण्याची पद्धत भारतातल्या नेटवर्कवर संशोधकांनी नोंदवलेली आहे. पडताळायचं असेल तर संगणकावर कर्ल (आज्ञा लिहून साइटशी जोडणी करणारं साधन) वापरून त्याच पत्त्याला दुसऱ्या निरुपद्रवी नावाने जोडून बघा. दुसऱ्या नावाने उत्तर येतं (भले प्रमाणपत्राची तक्रार का असेना) आणि खऱ्या नावाने दर वेळी तुटतं, असं पाच पैकी पाच वेळा झालं तर चाळणी नावावर आहे. अशा अडवणुकीत बंदीचं पान दिसत नाही, वाचकाला फक्त 'साइटपर्यंत पोचता आलं नाही' एवढंच दिसतं. म्हणून लोकांना वाटतं साइटच बंद पडली.

जोडणीच झाली नाही, वेळ संपला: हे सगळ्यात संदिग्ध. सर्व्हर थकला असेल, टॉवरवर गर्दी असेल, वायर तुटली असेल. मतमोजणीच्या सकाळी निकालाची साइट रखडते तेव्हा आधी गर्दीचाच विचार करा. गर्दीत सगळ्याच नेटवर्कवर त्रास होतो, कधी उघडते कधी नाही, आणि ५०३ किंवा ५०४ सारखा आकडा येतो. हा आकडा खुद्द साइटच्या बाजूने आलेला असतो. अडवणूक त्यामानाने एकसारखी असते: तीच पायरी, तीच त्रुटी, दर वेळी.

सरकारी साइटबाबत आणखी एक काळजी. आपल्याकडच्या काही सरकारी साइट परदेशातून उघडत नाहीत. ऊनीचा तुलनेचा सर्व्हर बाहेर असल्याने तुलनाच कोलमडते. अशा पत्त्यांचा निकाल हाताने दोन नेटवर्कवर उघडूनच ठरवा. आणि 'मी माणूस आहे' अशी खूण मागणारं पान आलं की तेही ॲपला वेगळं पान वाटतं, त्यावरून काही ठरवू नका.

एकाच कंपनीवर साइट बंद आणि बाकी तिघांवर चालू, हे आपल्याकडे नवल नाही. बंदीचा आदेश प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने, आपापल्या वेळी राबवते, आणि याद्या जुळत नाहीत. त्यामुळे 'भारतात बंद' असं न लिहिता नेटवर्कचा क्रमांक लिहा. जिओचा ५५८३६, बीएसएनएलचा ९८२९, एअरटेल मोबाइलचा ४५६०९ आणि एअरटेल ब्रॉडबँडचा २४५६०. ऊनी एक्सप्लोररवर याच क्रमांकाने चाळता येतं. तिथली वेळ जागतिक असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ७ मेच्या पहाटे पाचची चाचणी तिथे ६ मेच्या रात्री साडेअकराची दिसते. तारखेचा हा गोंधळ आधीच टाळा, वहीत दोन्ही वेळा लिहा.

पूर्ण बंदी कशी पकडायची

नेटच नसेल तर ऊनीचं मोजमाप वर जाणार कसं? इथे उलटी रीत लागते. प्रत्येक फोनने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सर्व्हरला 'मी आहे' एवढंच कळवायचं. टर्मक्स या, अँड्रॉइडवर आज्ञा चालवणाऱ्या ॲपमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट पुरते, आणि सर्व्हरवर अपटाइम कुमा हे मोफत साधन टाकलं तर कोणता फोन कधी गप्प झाला ते आपोआप नोंदलं जातं. दिवसाला फोनमागे २८८ नोंदी, डेटा नगण्य.

पण दुसरी नोंद फोनमध्येच ठेवणं यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. दर पाच मिनिटांनी वेळ, सिग्नल आहे का, प्रयत्न यशस्वी की अयशस्वी, आणि बॅटरी किती. मग सर्व्हरवर गप्प आणि फोनमध्ये 'प्रयत्न केला, जमलं नाही' अशी ओळ असेल तर नेट गेलं होतं. दोन्हीकडे काहीच नसेल तर फोन बंद पडला होता किंवा ॲप मारलं गेलं होतं. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की शेजारचा टॉवरही बॅटरी संपल्यावर गप्प होतो, म्हणून वीज होती का हा रकाना सोडू नका.

सरकारी आदेशाने बंद केलेल्या नेटची खूण अशी: मोबाइल डेटा सगळ्या कंपन्यांचा जवळपास एकाच वेळी जातो, सिग्नलच्या दांड्या पूर्ण असतात, फोन आणि एसएमएस चालू राहू शकतात, वायरचं नेट बहुधा चालू राहतं, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की डेटा परत येतो. तार तुटली तर एकाच कंपनीचं जातं, आणि हद्दीशी त्याचा संबंध नसतो.

जॉर्जिया टेकची आयोडा आणि क्लाउडफ्लेअर रडार या साइटवर देशाचं आणि मोठ्या नेटवर्कचं चित्र मिळतं. एका जिल्ह्याची मोबाइल बंदी तिथे बहुधा दिसत नाही, कारण मोबाइलचे पत्ते जिल्ह्यावार वाटलेले नसतात. तिथे काही दिसलं नाही म्हणून आपली नोंद खोटी समजू नका.

वेग आणि झाकलेल्या पोस्ट

वेगासाठी एक आकडा कामाचा नाही. पाच वेळा मोजा, मधला आकडा घ्या. होम मैदानावर मोठी सभा असली की आसपासचे टॉवर गुदमरतात, गड्ड्याच्या यात्रेतही तेच होतं. अशा वेळी सगळ्याच साइट सारख्याच रखडतात आणि सभा संपली की सुटतात. एकच सेवा हळू आणि त्याच मिनिटाला बाकी सगळं वेगात, तेही रात्री तीनलासुद्धा, तर शंका रास्त आहे.

पोस्ट किंवा चॅनल झाकलं असेल तर ऊनीला ते कळणार नाही. कूटबद्ध जोडणीत साइटचं नाव दिसतं, पोस्टचं दिसत नाही, म्हणून अशी अडवणूक त्या कंपनीकडेच होते. उमेदवार, पक्ष आणि पत्रकारांच्या शंभरेक खात्यांची यादी आधीच करा आणि रोज एकदा लॉगिन न करता उघडून बघा. 'कायदेशीर मागणीवरून भारतात उपलब्ध नाही' अशा अर्थाची पाटी दिसली की पूर्ण स्क्रीनशॉट, पत्ता आणि वेळ. मग परदेशातल्या ओळखीच्या माणसाला तोच पत्ता उघडायला सांगा. तिकडेही नसेल तर पोस्ट लेखकानेच काढली असेल किंवा कंपनीने आपल्या नियमांनुसार. महत्त्वाची पानं आधीच वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर साठवा. ही साइट स्वतः ऑगस्ट २०१७ मध्ये भारतात अडवली गेली होती, तेव्हा एक प्रत आपल्याकडेही असू द्या.

जाहीर करण्याआधी आणि नंतर

एखादी गोष्ट बाहेर सांगण्याआधी किमान तीन फोन, दोन वेगळ्या वेळा, आणि ती साइट चालू आहे असं दाखवणारं एक तरी दुसरं नेटवर्क, एवढं हवं. वहीतली ओळ अशी दिसावी: '७ मे, सकाळी ८:०५ (जागतिक २:३५), उत्तर सोलापूर, जुळे सोलापूर, नेटवर्क क्रमांक, उरलेला डेटा १.२ जीबी, वीज आहे, वायफाय बंद, पत्ता, कूटबद्ध बोलणीत रीसेट, पाचपैकी पाच, मोजमापाचा दुवा.' त्रुटीचा मजकूर शब्दशः उतरवा, आपल्या शब्दांत नको. लिहिताना 'या नेटवर्कवर ही साइट या वेळेपासून या वेळेपर्यंत उघडत नव्हती' इथपर्यंतच थांबा. कुणी आणि का अडवलं हे मोजमापातून कळत नाही, ते आदेशातूनच कळतं.

आदेश मागायला दोन दारं आहेत. नेट बंद करण्याचा अधिकार राज्यात गृहसचिवांना आहे, जिल्हाधिकाऱ्यांना नाही. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला असे आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक ठरवलं. २०२४ च्या दूरसंचार सेवा तात्पुरत्या स्थगित करण्याच्या नियमांतही तेच आहे: कारण, भाग आणि मुदत लिहिलेली हवी, आणि मुदत जास्तीत जास्त १५ दिवस. आदेश सापडला नाही तर गृह विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर शुल्क १० रुपये. अर्जात तारीख, वेळ आणि तालुका आपल्या वहीतून जशाच्या तसा टाका. 'निवडणुकीतल्या नेटबंदीची माहिती द्यावी' असं मोघम विचारलं की 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं.

वेबसाइट आणि पोस्टच्या बंदीचे केंद्राचे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ए खाली निघतात, आणि २००९ च्या नियमांतला नियम १६ त्यांना गोपनीय ठेवतो. तिथे नकार येण्याचीच शक्यता जास्त. तरी अर्ज करा, कारण नकाराच्या पत्रातही कोणतं कलम लावलं ते लिहावं लागतं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्याला मोजमापांचे दुवे जोडा.

मतमोजणीनंतर लगेच फोनमधल्या नोंदी काढून दोन ठिकाणी ठेवा आणि वहीच्या पानांचे फोटो घ्या. सहकाऱ्यांची नावं आणि फोन नंबर मात्र वेगळ्या कागदावर असू द्या, नोंदीच्या फाइलमध्ये फक्त फोनचा क्रमांक एक, दोन, तीन.